बेअर लेकच्या वाटेवरचं बोल्डरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये बेअर लेकपासून एमराल्ड लेककडे जाणारी वाट बहुतेकांना तळ्यांसाठी माहीत असते. आम्ही काही जण त्याच वाटेवरून पाठीवर घडी घातलेली गादी बांधून बोल्डरिंगला, म्हणजे मोठाल्या धोंड्यांवर दोराशिवाय चढायला जातो. गाडीतळावर उभं राहून, शटलमध्ये, मंडळाच्या गणपतीत, आणि पुण्या-मुंबईहून येऊ घातलेल्या मित्रांच्या मेसेजमध्ये जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

पाठीवर ती गादी कसली?

क्रॅश पॅड. पडल्यावर खाली काहीतरी मऊ असावं म्हणून. साधारण चार फूट बाय तीन फूट, चार इंच जाड, आत दोन-तीन प्रकारचा फोम. वजन चार-पाच किलो, पण वारा सुटला की शिडासारखी वागते आणि अरुंद वाटेवर समोरून येणाऱ्या माणसाला आधी गादी दिसते, मग तुम्ही.

म्हणजे दोर नसतोच?

नसतो. हार्नेस नाही, कॅराबिनर नाही. दहा-बारा फूट उंच, कधी त्याहून थोडा जास्त असा एखादा धोंडा निवडायचा, त्यावर चढायचा एक ठरावीक मार्ग असतो, त्याला ‘प्रॉब्लेम’ म्हणतात, आणि तो सुटेपर्यंत पडत राहायचं. कड्यावरच्या प्रस्तरारोहणात न पडण्यासाठी सगळा खटाटोप असतो. इथे पडणं धरूनच चाललेलं असतं.

‘प्रॉब्लेम’ हा शब्द चपखल आहे, कारण आधुनिक बोल्डरिंगचा जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते जॉन गिल गणिताचे प्राध्यापक होते. कॉलेजात जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या या माणसाने १९५०च्या दशकात हाताला लावायची मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड, म्हणजे चॉक, जिममधून उचलून खडकावर आणली. पुढे ते कोलोरॅडोतच शिकले आणि शिकवलं. फोर्ट कॉलिन्सजवळ हॉर्सटूथ जलाशयाच्या काठी त्यांनी सोडवलेले प्रॉब्लेम आजही लोक करून बघतात, आणि बहुतेक जण पडतात.

धोंडे नेमके कुठे आहेत? वाट किती लांब?

बेअर लेकचा गाडीतळ २,८८८ मीटरवर आहे. तिथून निंफ लेक ८०० मीटर, ड्रीम लेक पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, एमराल्ड लेक जेमतेम तीन किलोमीटर. चढ एकूण दोनशे मीटर. कागदावर हे काहीच नाही. पाठीवर पॅड, शूज, चार लिटर पाणी आणि गरम कपडे घेतले की कागद खोटा वाटायला लागतो.

ड्रीम लेकच्या अलीकडे वाट फुटते. उजवीकडची ड्रीम आणि एमराल्डकडे, टिंडल गॉर्जमध्ये जाते; समोर हॅलेट पीकचा कडा. डावीकडची लेक हैयाहाकडे जाते, बेअर लेकपासून साधारण साडेतीन किलोमीटर. त्या तळ्यामागे केऑस कॅन्यन ही दरी. ‘हैयाहा’ या मूळनिवासी भाषेतल्या शब्दाचा अर्थ ‘खडक’ किंवा ‘मोठ्या खडकांचं तळं’ असा सांगतात. तळ्याच्या काठी पोहोचलात की अर्थ विचारायची गरज राहत नाही.

हिमनद्यांनी दऱ्या कोरल्या आणि वरच्या कड्यांनी त्यात धोंडे टाकले. कुठे फ्रिजएवढे, कुठे दुमजली घराएवढे. बोल्डरिंग त्यांच्यावर.

मी कधीच बोल्डरिंग केलं नाही. सुरुवात इथेच केली तर?

माझं मत विचाराल तर नका करू. चढणं फार अवघड आहे म्हणून नाही. सोपे प्रॉब्लेमही आहेत. पण इथे बहुतेक धोंड्यांखाली दुसरे धोंडेच आहेत. सपाट माती क्वचित. कसं पडायचं हे अंगवळणी पडलं नसेल तर पहिलाच धडा महाग पडू शकतो.

आधी दोन-तीन महिने भिंतीवर, म्हणजे इनडोअर जिममध्ये घालवा. मग बोल्डर गावाच्या डोक्यावरच्या फ्लॅगस्टाफ माउंटनवर जा. रस्त्यालगत धोंडे, लालसर वालुकाश्म, खाली बऱ्यापैकी सपाट जमीन. तिथल्या ‘मंकी ट्रॅव्हर्स’वर संध्याकाळी नेहमी कोणीतरी आडवं सरकत असतं, जमिनीपासून फार वर जात नाही, त्यामुळे शिकायला उत्तम. एक पथ्य: पाऊस पडून गेल्यावर वालुकाश्मावर चढू नका. ओला असताना तो ठिसूळ होतो आणि पकडी, म्हणजे हातापायाने धरायचे उंचवटे आणि खाचा, तुटतात. तुटलेली पकड कायमची जाते, तुमच्यासाठीही आणि पुढच्या सगळ्यांसाठीही.

व्ही०, व्ही५ म्हणजे काय?

काठिण्यपातळी. टेक्सासमधल्या ह्युको टँक्सला चढणाऱ्या जॉन शर्मन यांनी ती रूढ केली. त्यांचं टोपणनाव ‘व्हर्मिन’, त्यातला हा ‘व्ही’. व्ही० सगळ्यात सोप्यांपैकी, सध्या वर व्ही१७ पर्यंत. जिममधला व्ही४ आणि इथला व्ही४ यांत सख्खं काय, चुलतही नातं नाही. दोन आकडे कमी धरून चाला.

केऑस कॅन्यनमध्ये जगभरात नावाजलेले प्रॉब्लेम आहेत. डॅनियल वुड्सने २००७ मध्ये ‘जेड’ सोडवला तो इथेच. अँजी पेनने २०१० मध्ये ‘द ऑटोमेटर’ हा व्ही१३ केला, तोही याच पार्कमध्ये. त्या काळी जगात फार थोड्या बायका तिथवर पोहोचल्या होत्या. ‘टॉमीज अरेट’ या प्रॉब्लेमचं नाव एस्टीस पार्क गावात वाढलेल्या टॉमी कॉल्डवेल या आरोहकावरून. ही नावं ऐकून अंगावर काटा येतो, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध. मी स्वतः व्ही३वर समाधानी आहे आणि व्ही४वर हट्टी.

एक पॅड पुरतो का?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण याचं चुकीचं उत्तर मी स्वतः देऊन बसलोय.

दुसरा-तिसरा हंगाम असेल. एमराल्डच्या वाटेपासून थोडा आत एक बुटका धोंडा आहे, छातीपाशी एक आडवी खाच, वर उजवीकडे दोन बोटं मावतील अशी कपार, आणि माथ्यावर गोल, घसरडा उतार. मी आणि एक मित्र, दोघांत दोन पॅड. खाली तीन दगड, वेगवेगळ्या उंचीचे. आम्ही दोन्ही पॅड शेजारी टाकले, छान दिसले. वरून बघताना निळी-काळी सलग सतरंजीच वाटत होती. माथ्यावरून हात सुटला, मी सरळ खाली आलो, डावा पाय पॅडवर आणि उजवा दोन पॅडच्या बरोबर मध्ये. फोम बाजूला सरकला, घोटा दगडांच्या फटीत. हाड वाचलं. पण गाडीतळापर्यंतची वाट, जी सकाळी पन्नास मिनिटांत चढलो होतो, ती उतरायला तीन तास लागले, आणि मित्राच्या पाठीवर दोन्ही पॅड.

तेव्हापासून क्रम असा: धोंड्यापाशी पोहोचलं की वर बघायचं नाही. खाली बघायचं. कुठल्या हालचालीवर हात सुटेल आणि अंग कुठे फेकलं जाईल याचा अंदाज घ्यायचा. दगडांमधले खड्डे आधी पाठपिशव्या आणि घडी केलेल्या लहान पॅडने भरायचे, त्यावर मोठे पॅड, आणि दोन पॅडच्या जोडावर तिसरा पातळ पॅड, कौलं एकमेकांवर चढवतात तसा. मग स्वतः त्यावर सगळीकडे चालून बघायचं. पाय जिथे खोल जातो तिथेच तुम्ही पडणार असता. चौघं जाऊन चार-पाच पॅड नेणं हा या दरीतला सुज्ञ हिशोब आहे.

नवा पॅड साधारण दीडशे ते साडेतीनशे डॉलरना मिळतो. वर्षातून दोनदाच जाणार असाल तर विकत घेऊ नका, भाड्याने घ्या.

खाली उभा राहणारा माणूस झेलतो का?

नाही! स्पॉटरचं काम झेलणं नव्हे, वळवणं. पडणाऱ्याच्या कमरेला किंवा पाठीला हात लावून त्याला पॅडच्या मध्यावर आणायचं, डोकं दगडावर आपटू द्यायचं नाही. अंगठे बोटांना चिकटवून ठेवायचे, नाहीतर आधी तुमचा अंगठा जातो. आणि स्पॉट करताना फोन खिशात. गोविंदांचा थर कोसळताना खालची माणसं कशी नजर वर लावून उभी असतात, तसं.

सह्याद्रीत बरंच चढलोय. इथे वेगळं काय?

खडक. आपला बेसॉल्ट लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. इथला नाइस (पट्ट्यापट्ट्यांचा रूपांतरित खडक) आणि ग्रॅनाइट दीड अब्ज वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहून जुना. सह्याद्रीत हात घालण्याआधी पकड थोपटून बघायची सवय असते. पोकळ आवाज आला की सोडून द्यायची. इथे पकडी सहसा निघत नाहीत. पण तुम्ही ज्या दगडावर उभे आहात तो मात्र डुगडुगू शकतो. म्हणजे तीच थोपटायची सवय पायाखाली न्यायची.

दुसरं, इथला खडक बोटं खातो. गारगोटीचे बारीक स्फटिक कातडीत रुततात. आणि गार हवेत पकड जास्त बसते, म्हणून लोक मुद्दाम थंडीत, कुडकुडत चढतात. ऑक्टोबरातल्या सकाळी पाच अंश तापमानात कुणी शर्ट काढून खडकाशी झटताना दिसला तर वेडा समजू नका. किंवा समजा, पण बोटांच्या बाबतीत त्याचं बरोबर आहे.

मुंब्र्याला किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये कान्हेरीजवळ धोंड्यांवर हात मारलेल्या मंडळींना इथे लवकर जमतं, असं मी पाहिलंय. बोल्डरिंग आपल्याकडे नवीन नाही. मुंबईच्या गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेने २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक भरवला होता.

कधी यावं?

जुलै ते सप्टेंबर, आणि नशिबाने साथ दिली तर ऑक्टोबरचा पहिला भाग. जूनमध्ये वरच्या दगडांमध्ये अजून बर्फ असतो, आणि तो फसवा असतो: वरून घट्ट, खाली पोकळ.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वादळं येतात. गंमत म्हणजे इथेही या दिवसांना मान्सूनच म्हणतात. पण हा आपला आठ दिवस रिपरिप करणारा मान्सून नव्हे. सकाळी निरभ्र, अकरा वाजता हॅलेटच्या मागून कापसाचा एक पुंजका, साडेबाराला तो काळा, एक वाजता गारा आणि विजा. नियम साधा: पहाटे निघा, दुपारपर्यंत गुंडाळा. गडगडाट ऐकू आला म्हणजे उशीर झालाच आहे. मोठ्या धोंड्याखालची कपार पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. तिथे आसरा घेऊ नका, झाडीत खाली उतरा.

उंचीचा त्रास होतो का?

कळसूबाई १,६४६ मीटर. डेन्व्हर शहर १,६०९ मीटर. म्हणजे डेन्व्हरमध्ये राहणारा माणूस जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर भाजी आणायला जातो. पण भारतातून किंवा समुद्रकाठच्या शहरातून थेट येणाऱ्याला बेअर लेकला डोकं दुखणं, धाप लागणं, मळमळ हे सर्रास होतं. शक्य असेल तर एक रात्र एस्टीस पार्क गावात (सुमारे २,३०० मीटर) काढा. पाणी पीत राहा. डोकेदुखी वाढत चालली तर उतरा. गोळी घेऊन वर जाऊ नका.

परवाना लागतो का? प्रवेशाचं काय?

दिवसा बोल्डरिंग करायला वेगळा परवाना लागत नाही. लागतं ते आत शिरण्याचं आरक्षण. गेली काही वर्षं मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत गाडी आत नेण्यासाठी वेळ राखून ठेवावी लागते, आणि त्यात दोन प्रकार आहेत. बेअर लेक रोड धरून जायचं असेल तर तो रस्ता समाविष्ट असलेलाच प्रकार घ्यायचा. दुसरा घेऊन आलेली कुटुंबं फाटकावरून परत जाताना मी पाहिली आहेत. मागच्या सीटवरच्या मुलांचे चेहरे बघवत नाहीत. या रस्त्यासाठी आरक्षणाची वेळ पहाटे पाचपासून संध्याकाळी सहापर्यंत असते, म्हणून चढणारे पाचच्या आधीच आत शिरतात. साडेचारला गाडीतळावर हेडलॅम्पच्या उजेडात जे चहा पीत उभे असतात ते आम्हीच. तारखा आणि तपशील दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा निघण्याआधी पार्कचं संकेतस्थळ बघा.

भारतातून येणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक पाहुण्याला काही मोठ्या पार्कमध्ये नेहमीच्या शुल्कावर १०० डॉलर जास्त पडतात, आणि या यादीत रॉकी माउंटन आहे. परदेशी पाहुण्यांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा. आई, बाबा आणि मावशी येणार असतील तर आधी बेरीज करा.

केऑस कॅन्यनमध्ये दरड कोसळली होती ना?

हो. २८ जून २०२२च्या दुपारी हॅलेट पीकच्या दक्षिण अंगाचा मोठा भाग सुटून खाली आला. दरीत तेव्हा माणसं होती. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पार्कने हैयाहा तळ्याच्या पश्चिमेचा भाग बंद केला. तिथलं काय उघडं आणि काय बंद, हे जायच्या दिवशी पार्कच्या सूचनांमध्ये वाचा, कुणाच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका. दोरी किंवा पाटी ओलांडून “फक्त बघून येतो” म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला पॅड उचलायला द्या आणि एमराल्डकडे वळवा.

दरडीतल्या पिठासारख्या बारीक दगडी धुळीने हैयाहाचं पाणी दुधाळ हिरवं झालं. आधीचं नितळ तळं ज्यांनी पाहिलंय त्यांना ते अजून सवयीचं होत नाही. पर्यटक मात्र खूश असतात, फोटो फार सुंदर येतो.

चॉकचे डाग, वाट सोडून चालणं, यावर काही नियम?

आहेत, आणि आपल्यामुळे सगळ्यांची वाट बंद होऊ नये म्हणून ते पाळायचे. पार्कचा बहुतेक भाग २००९ पासून कायद्याने संरक्षित रानभूमी आहे. निघताना पकडींवरचा चॉक मऊ ब्रशने झाडायचा; पकड कुठे आहे ते कळावं म्हणून ओढलेल्या पांढऱ्या रेघा आधी पुसायच्या. तारेचा ब्रश अजिबात नाही. पडायची जागा सपाट व्हावी म्हणून दगड हलवायचे नाहीत, फांद्या तोडायच्या नाहीत. पुढच्या शनिवारी पुन्हा येणार म्हणून पॅड धोंड्याखाली लपवून ठेवायलाही मनाई आहे. पाठ दुखते, मान्य. तरी न्यायचा.

वाटेवरून धोंड्याकडे वळताना शक्यतो दगडांवरून पाय टाकत जा. इथली बुटकी झाडं आणि गवत वर्षातून दोन-तीन महिनेच वाढतं.

सोबत आई-बाबा आहेत. त्यांनी काय करावं?

निंफ लेकपर्यंत या, सावकाश. तळ्यात पिवळी कमळं असतात. तेवढंही नको असेल तर बेअर लेकलाच काठाकाठाने फिरता येतं. माझी आई तिसऱ्या दिवशी ड्रीम लेकपर्यंत आली, पॅडवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “एवढी गादी आणलीस तर उशीही आणायची.” तो दिवस बोल्डरिंगच्या दृष्टीने वाया गेला. पुन्हा असे वाया घालवायला माझी हरकत नाही.

डब्यात काय न्यावं?

जे गार खाता येतं ते. थालीपीठ, दशम्या, गूळ-शेंगदाणे. भडंग नको, वाऱ्यावर उडतं. खाणं कधीही उघडं किंवा एकटं सोडू नका: अस्वलं आहेत, आणि त्यांच्या आधी खारी आणि मार्मोट (खारीच्या कुळातला, पण बराच मोठा प्राणी) पोहोचतात. मार्मोटला घामाचं मीठ आवडतं, तो पाठपिशवीचे पट्टेही कुरतडतो. आणि कितीही गोंडस दिसली तरी खारीला चिवडा द्यायचा नाही. गुन्हा आहे, आणि लसणाचा असेल तर तिच्यावर अन्यायही.

मूस (हरणाच्या कुळातला सगळ्यात धिप्पाड प्राणी) दिसला तर किमान १२० फूट लांब राहा, एल्कपासून (सांबरासारखं मोठं हरीण) ७५ फूट. मूस हे म्हशीसारखं शांत जनावर वाटतं. तसं ते नाही.

कुत्रा आणि ड्रोन?

पायवाटांवर कुत्रा चालत नाही. ड्रोन पार्कमध्ये कुठेच नाही.

दुखापत झाली तर?

वाटेवर बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते. एकट्याने जाऊ नका, घरी कुणाला तरी कुठे जाताय आणि किती वाजेपर्यंत परताल ते सांगून ठेवा. घोट्यासाठी लवचिक पट्टी, टेप आणि दुखण्याची गोळी प्रत्येकाच्या पिशवीत हवी. रेंज मिळाली की ९११.

बोटांचं काय करू? सालपटं निघाली आहेत.

पाण्याने चॉक धुऊन टाका, घरी गेल्यावर खोबरेल तेल किंवा कुठलाही मेणाचा मलम लावा, उचकटलेली कातडी नेलकटरने कापा, दातांनी ओढू नका. तीन-चार दिवस विश्रांती. आणि निघण्याआधी फोनचा पासवर्ड आठवून ठेवा, कारण दिवसभर या खडकावर घासलेला अंगठा फोन ओळखत नाही. मी एकदा गाडीतळावर तीन चुकीचे आकडे टाकून, फोन बंद करून बसलो होतो.